दुसऱ्या कपातला चहा

तुमच्या बाबांनी तुम्हाला फोनवर काय सांगितलं असेल, याचा मला अंदाज आहे. मोठ्या आजोबांच्या सत्कारात, भरल्या सभागृहात, आजी उभी राहिली आणि तिने त्यांचा अपमान केला. हे खरं आहे. पण ही अर्धीच हकिगत झाली, आणि अर्धं सोडलेलं मला चालत नाही, हे सुट्टीत माझ्यासमोर बसून निबंध लिहिताना तुम्हा दोघांनाही कळलेलं आहे. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. या हकिगतीत क्रमाला फार महत्त्व आहे.

हकिगत एका इंग्लिश नटाची आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. एक तर नाव दिसलं की तुम्ही लगेच ते फोनवर शोधायला लागाल आणि माझं लिखाण तसंच राहील. दुसरं म्हणजे, बुलढाण्यात त्या नटाचं नाव निघालं की पाठोपाठ तुमच्या मोठ्या आजोबांचं नाव घ्यायची पद्धत पडली आहे. "त्या नटाला खरा ओळखणारा आपल्या जिल्ह्यातला एकमेव माणूस," असं मी कितीतरी व्यासपीठांसमोर बसून ऐकलं. तो माणूस ते नव्हेत. तो माणूस मी आहे. माझं मला परत हवं होतं. बाकी काही नाही.

त्या नटाला मी पहिल्यांदा पाहिलं अमरावतीला, बी.ए.ला असताना. रविवारी सकाळी एका थिएटरात इंग्रजी सिनेमा लागायचा आणि सकाळच्या खेळाला वसतिगृहाच्या बाई हरकत घेत नसत. त्यात तो सैन्यातला तरुण अधिकारी होता. देखणा होता, पण आपल्या देखणेपणाची त्याला अडचण होत असावी असं वाटायचं. पाहुण्यांकडे उसना कोट घालून गेलेला माणूस जसा वावरतो, तसा तो आपल्या चेहऱ्यात वावरायचा. मित्र मारला गेल्याचं त्याला सांगतात. तो काही बोलत नाही. बुटाची नाडी तुटलेली असते, ती गाठ मारून पुन्हा ओवायला घेतो. गाठ भोकातून जात नाही. तो थुंकी लावून टोक वळतो, पुन्हा ओवतो. नाडी बांधून होते, तो उठतो आणि रांगेत जाऊन उभा राहतो. माझ्या शेजारची मैत्रीण म्हणाली, "याला काहीच कसं वाटलं नाही?" माझे हात गार पडले होते.

आमच्या पाहण्यातल्या सिनेमात तोपर्यंत माणसं खांबाला धरून रडत. हा नट रडायचाच नाही. तो काहीतरी नीट करत बसायचा. बटण लावायचा, घड्याळाला किल्ली द्यायचा, टेबलावरचे कण हाताने गोळा करायचा. पुढे त्याचे जेवढे सिनेमे मिळाले तेवढे मी पाहिले, आणि माझ्या ध्यानात आलं की हीच त्याची भाषा आहे. तो नाटकातून आलेला होता. आवाज असा कमावलेला, की मनात आणलं असतं तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला हलवलं असतं. पण कॅमेऱ्यासमोर त्याने तो आवाज खिशात ठेवला. हातात असलेली मोठी गोष्ट न वापरणं, हे मी त्याच्यात पाहिलं.

लग्न होऊन मी बुलढाण्यात आले. तुमचे आजोबा शासकीय कचेरीत होते, त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे तुमचे मोठे आजोबा, कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आपल्याकडे भासरे म्हणतात. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा, घरात खुर्चीवर बसायचं नाही आणि त्यांच्याशी सरळ बोलायचं नाही, अशी आमच्या घरातली रीत होती. ते समोर उभे असले तरी मी जाऊबाईंना म्हणायचं, "बाई, त्यांना म्हणावं ताट वाढलं आहे." ते तिथेच उभं राहून जाऊबाईंना म्हणत, "तिले सांग, येतो." जाऊबाई मधे उभ्या राहून दोन्हीकडे बघत. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "मी काय तारघर आहो का वं? तुमाले दोघायले कान नाहीत?" पण रीत चालूच राहिली. मी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका झाले, शिक्षणाधिकाऱ्यांशी तोंडावर भांडले, आणि घरी येऊन भासऱ्यांना चहाचं विचारायचं तर जाऊबाईंना शोधत फिरले. तुम्हाला हसू येईल. मला आता येत नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्या नटाचा एक सिनेमा आमच्या गावात आला. गावातल्या फिल्म मंडळाचे सचिव भासरेच होते. त्यांनी पत्र पाठवून मुंबईहून मागवला होता. आपल्या गावाला रेल्वे नाही. सिनेमाची रिळं मलकापूर स्टेशनात उतरायची आणि तिथून एस.टी.च्या टपावरून, मोताळ्यावरून घाट चढून वर यायची. त्या दिवशी मोताळ्याचा बाजार होता. टपावर कापसाची बोचकी, कोंबड्यांच्या पाट्या आणि सायकली चढत-उतरत राहिल्या, आणि त्यांच्यामधे हे पत्र्याचे गोल डबे. डबे पोचले, पण त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या सोलून निघाल्या होत्या. प्रोजेक्टर चालवणाऱ्या चाचांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी डबे ज्या क्रमाने उतरले त्याच क्रमाने लावले. हे तेव्हा कोणाला कळलं नाही. सगळं गाव पहिल्यांदाच तो सिनेमा पाहत होतं, आणि इंग्रजीत काही कळलं नाही तर ते कलात्मक आहे असं समजून गप्प बसायची आमची सवय होती.

भासरे त्या आठवड्यात गावात नव्हते. विद्यापीठाचे पेपर तपासायला नागपूरला गेले होते. हे लक्षात ठेवा.

आम्ही तिघं गेलो: तुमचे आजोबा, जाऊबाई आणि मी. बायकांची बसायची जागा वेगळी होती. तुमचे आजोबा पुरुषांकडे बसले आणि पहिलं रीळ संपताच मित्राबरोबर बाहेर पडले. जाऊबाईंनी शाल पांघरली आणि दुसरं रीळ सुरू व्हायच्या आत त्यांची मान माझ्या खांद्यावर आली. मी एकटीने तो सिनेमा पाहिला.

त्यात दोन भाऊ आहेत. एका बंदरावरच्या गावात एकत्र राहतात. मोठा कचेरीत कारकून. तो म्हणजे आपला नट. धाकटा हसरा, उडाणटप्पू. पहिल्या रिळात दोघांची थट्टा-मस्करी चालते. मग रीळ बदललं, दिवे लागले, विझले, आणि पडद्यावर मोठा भाऊ एकटा टेबलाशी बसलेला. समोर दोन कप. दोन्हींत तो चहा ओततो. आपला पितो. बराच वेळ बसतो. मग धाकट्याचा कप ओढतो आणि तोही पितो, अगदी तळापर्यंत, औषध प्यावं तसा. उठून दोन्ही कप धुतो आणि पालथे घालतो. बस्स. त्यानंतरच्या रिळात धाकटा भाऊ पुन्हा हजर, हसतोय, भांडतोय, बोटीवर निघून जातोय, आणि शेवटी तो बुडाल्याची तार येते.

मला वाटलं, मला कळलं. हा माणूस मरणाच्या आधीच दुःख करतो आहे. भाऊ जाणार हे त्याला आतून ठाऊक आहे आणि तो त्याच्याशिवाय जगायचा सराव करतो आहे. पुढचे कित्येक दिवस दुपारी सगळे निजले की मी लिहीत बसायचे. त्या नटाचे मी पाहिलेले सगळे सिनेमे त्यात आले, बुटाची नाडी आली, घड्याळाची किल्ली आली. आणि त्या दोन कपांच्या प्रसंगाला मी नाव दिलं: शोकाची रंगीत तालीम. हे तीन शब्द सुचले तेव्हा मी उठून अंगणात एक फेरी मारून आले. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं काहीतरी सापडलं होतं.

कॉलेजच्या अंकात छापायला मिळावं अशी माझी इच्छा होती. भासऱ्यांना सरळ देता येईना म्हणून पानं जाऊबाईंच्या हाती दिली. "त्यांना म्हणावं, वाचून चुका काढून द्याव्यात." दोन दिवसांनी जाऊबाईंनी निरोप आणला, "बरं आहे म्हणले." पानं काही आली नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, "म्या काय त्यायच्या टेबलाले हात लावते का वं?"

मंडळाच्या वर्धापनदिनाला भासऱ्यांचं व्याख्यान होतं. मी बायकांत बसले होते. त्यांनी सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला माझ्या कानशिलांत गरम झालं. बुटाची नाडी आली. "उसना कोट घातल्यासारखा चेहरा" आला. मग त्यांनी थांबून, चष्मा काढून, माझे तीन शब्द उच्चारले, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, "काय बुद्धी आहे! नशीबवान आहेस, अशा घरात पडलीस."

घरी आल्यावर मी तुमच्या आजोबांना सांगितलं. ते चपला काढत होते. म्हणाले, "दादा आहे तो. घरातलंच घरात राह्यलं ना?" तुमचे आजोबा चांगले होते, तुम्हाला ते आठवतात तसेच होते. पण हे वाक्य मी त्यांना ते गेल्यानंतरही माफ केलेलं नाही.

भासऱ्यांना मी विचारू शकले नाही. तोंड त्यांच्यासमोर उघडायचंच नव्हतं, तर विचारणार कशी? जाऊबाईंमार्फत विचारावं, तर नवऱ्याला चोर म्हणायचं काम मी त्यांच्या बायकोवर टाकणार होते. रीत त्यांच्या कामी आली. त्यांनीही ते ओळखलं असणार, कारण त्यानंतर माझ्याकडे बघून ते एकदाही ओशाळले नाहीत.

पुढे त्याच लेखाने पुस्तक सुरू झालं, आणि पुस्तकाला नाव दिलं तेच, माझे तीन शब्द. तुम्हा दोघांनाही बारावीनंतर त्याची सही केलेली प्रत मिळाली आहे. शाळा-कॉलेजांतून, चिखलीपासून खामगावपर्यंत, ते व्याख्यान देत राहिले. पुण्या-मुंबईच्या जाणकारांपैकी कोणी ते वाचलं नाही, म्हणूनच ते टिकलं. पण ते नंतर.

मधल्या वर्षांत मला त्या नटाचीच सोबत होती. दूरदर्शनवर कधीमधी, पुढे तुमच्या बाबांनी आणलेल्या कॅसेटींवर. चाळिशीनंतर तो खलनायक झाला होता. त्याचे चाहते यावर नाराज होते म्हणतात. मला तोच काळ सगळ्यांत आवडतो. त्याचे खलनायक आवाज चढवत नाहीत. एकात तो वकील आहे. तरुणपणी ज्याने त्याला देशोधडीला लावलं, त्या माणसाच्या घरी तो वर्षानुवर्षं जेवायला जातो, त्याच्या मुलांना गोष्टी सांगतो, भाजी चांगली झाली म्हणतो. आणि वेळ आल्यावर, हातमोजे काढून, एकावर एक नीट घडी घालून ठेवतो आणि फक्त एक प्रश्न विचारतो. दिग्दर्शकाने हातमोज्यांची ती घडी पूर्ण दाखवली आहे. मला त्या घडीत इतका आनंद झाला की मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा पाहिली. घाई करायची नाही, हातातलं काम नीट करायचं, आणि समोरचा स्वतःच्या पायांनी चालत येईपर्यंत थांबायचं. हे मला कोणत्याही पोथीने शिकवलं नाही. त्याने शिकवलं.

म्हातारपणी त्याला दोन-दोन प्रसंगांच्या भूमिका मिळत. आजोबा, न्यायाधीश, पाद्री. तो यायचा, छत्री झटकून कोपऱ्यात ठेवायचा, चार वाक्यं बोलायचा आणि जायचा. नायक-नायिका विसरल्या जातात. ती छत्री आठवते.

मग परवाच्या दिवाळीआधी तू, म्हणजे तुमच्यातल्या थोरलीने, टॅबलेटवर मला सिनेमे बघायचं ते खातं उघडून दिलंस आणि म्हणालीस, "आजी, तुझा म्हातारा सगळा आहे यात." तिथे तो दोन भावांचा सिनेमा मला सापडला. इतक्या वर्षांनी पाहत होते. पहिला भाग झाला, आणि धाकटा भाऊ भांडला, बोटीवर गेला, तार आली. मी म्हटलं, हे आधीच कसं? आणि मग, तार आल्यानंतर, तो टेबलाशी बसला. दोन कप.

मी टॅबलेट बंद केला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. म्हणजे तालीम वगैरे काही नव्हतीच. भाऊ मेला होता, आणि सवयीने त्याचा चहा ओतला गेला होता. गावभर टाळ्या घेतलेली माझी उपपत्ती एस.टी.च्या टपावर तयार झाली होती. पहिला घंटाभर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मनात जपलेली वस्तू खोटी निघाली.

संध्याकाळी भाजी निवडताना मात्र माझा हात थांबला. ही चूक जगात कोण करू शकतं? ज्याने हा सिनेमा फक्त त्या संध्याकाळी, फक्त आमच्या सभागृहात पाहिला, तोच. माझी पानं गेली होती, साक्षीदार झोपलेला होता. पण ती चूक पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीत जशीच्या तशी शाबूत होती, आणि ती करणारी व्यक्ती सभागृहात होती, नागपुरात नव्हती. भासऱ्यांनी तो सिनेमा तेव्हा पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नव्हता. पाहिला असता तर लेख केव्हाच बदलला असता. ज्याच्यावर टाळ्या मिळतातच, ते परत तपासायला कोण बसतो? मी गवारीच्या शिरा काढत होते आणि बहुधा हसत होते, कारण कामवाली म्हणाली, "काय झालं बाई, काऊन हसून राह्यल्या?"

यंदा भासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. माजी विद्यार्थ्यांनी समिती केली: वकील, डॉक्टर, एक निवृत्त तहसीलदार. कार्यक्रमाची आखणी कोण करणार? नीटनेटकं काम म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. मी म्हटलं, आनंदाने करीन. सकाळी पूजा, दुपारी जेवण, चार वाजता सत्कार. आणि सत्काराच्या भाषणाआधी, मी सुचवलं, त्यांचा तो आवडता सिनेमा पडद्यावर दाखवू, मग ते आपला गाजलेला लेख वाचतील. नव्या पिढीला कळायला हवं की सर कशावर बोलतात. समिती खूश झाली. मी जाऊबाईंमार्फत विचारलं. त्यांनी निरोप आणला:

"बरं आहे म्हणले."

तेच शब्द. हातमोज्यांची पहिली घडी पडली.

सभागृह भरलं. सहस्रचंद्रदर्शनात पती-पत्नीला शेजारी बसवतात, म्हणून व्यासपीठावर भासरे आणि त्यांच्याशेजारी नवी पैठणी नेसलेल्या जाऊबाई. दोघांच्या मधे टेबलावर माईक. मी पहिल्या रांगेत, डोक्यावर पदर. दिवे मालवले. सिनेमा सुरू झाला आणि मी पडद्याकडे पाहिलंच नाही. मी भासऱ्यांकडे पाहत होते. तार आली तेव्हा ते मान डोलावत होते. मग टेबल आलं, दोन कप आले, आणि त्यांची मान थांबली. त्यांनी मांडीवरचे कागद उचलले, पुढचं पान पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर तो नट दुसरा कप ओढत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, आणि भासऱ्यांच्या चेहऱ्यावर सगळं होतं.

दिवे लागले. लोक टाळ्या वाजवून थांबले. भासरे पाणी प्याले, माईकशी वाकले आणि म्हणाले, "आज लेख वाचत नाही. दोन शब्द बोलतो." समितीतले वकील हे त्यांचे लाडके विद्यार्थी, त्यांना सगळा लेख पाठ आहे. ते निरागसपणे उठले.

"सर, एक विचारू का? आपण शिकवलं होतं की भाऊ मरण्याआधीच तो दोन कप मांडतो. तालीम करतो. इथे तर भाऊ आधी मेला."

कुजबुज झाली. भासऱ्यांनी चष्मा पुसला. माणूस हुशार आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. ते हसले.

"त्याचं असं आहे, की त्या काळी रिळं एस.टी.ने यायची. त्या दिवशी ती उलटसुलट लागली असावीत. आम्ही जे डोळ्यांनी पाहिलं, त्याचा अर्थ लावला. तो काळच तसा होता!"

सगळं सभागृह कौतुकाने हसलं. मागून कोणीतरी "वा सर!" म्हटलं. माझी चूकसुद्धा त्यांनी गोंडस करून खिशात घातली होती. आता ती पुढच्या आवृत्तीची प्रस्तावना होणार होती.

तेवढ्यात स्पीकरमधून जाऊबाईंचा आवाज आला. त्या आपल्या नवऱ्याशी बोलत होत्या, पण माईक मधेच होता.

"तुमी कुठं पायलं जी? तुमी तं नागपूरले गेल्ते, पेपर तपासाले."

भासरे म्हणाले, "तू गप बस."

"काऊन गप बसू? ह्या धाकलीसंग मीच गेल्ती ना. मले तं झोपच लागली. हे एकटी डोळे फाडून पाहे." मग त्या लोकांकडे वळून समजावल्यासारख्या म्हणाल्या, "हे नव्हतेच जी त्या दिवशी. नागपूरहून मले गजरा आणला होता, सुकेल."

हसण्याचा लोंढा आला आणि मधेच तुटला, कारण वकील अजून उभे होते. ते आता निरागस दिसत नव्हते. कोर्टात दिसत असतील तसे दिसत होते.

"मग सर, उलटी रिळं पाहून लेख लिहिला कोणी?"

मी उठले. डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि खांद्यावर नीट बसवला. व्यासपीठाच्या पायऱ्यांपर्यंत गेले. जाऊबाई सवयीने माझ्याकडे वाकल्या, निरोप घ्यायला. मी त्यांना हाताने थांबवलं.

"भाऊजी," मी म्हटलं. हा शब्द मी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा उच्चारला. "ती चूक माझी आहे. ती मला परत द्या."

मग, खरंच सांगते, त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिले म्हण, हे घरी बोलू." इतकी वर्षं व्यासपीठावर वापरलेली पुस्तकी मराठी त्या वेळी त्यांना सापडली नाही.

जाऊबाई म्हणाल्या, "तुमीच म्हणा. समोर उभी आहे ते."

कोणीतरी घाईने आभार मानायला उभं राहिलं.

तुमचे बाबा म्हणतात, एवढ्या वयाच्या माणसाचं मन दुखवून काय मिळालं. त्यांना सांगा, पुष्कळ मिळालं. त्या रात्री मी दोन वेळा वाढून घेऊन जेवले.

चार दिवसांनी जाऊबाईंनी निरोप आणला, की पुढच्या आवृत्तीत तळाला माझा ऋणनिर्देश करायची त्यांची तयारी आहे. मी म्हटलं, आता निरोप नकोत, आणि दोन्ही बिऱ्हाडांच्या मधल्या दारातून स्वतः गेले. ते आरामखुर्चीत होते. मी समोरच्या खुर्चीवर बसले. म्हटलं, तळाला नको. वरही नको. तो लेख पुस्तकातून काढा, आणि लेख काढल्यावर पुस्तकाचं नाव राहणार नाही, तेही काढा. ते म्हणाले, "मग उरतं काय त्यात?" मी म्हटलं, "तेच मलाही बघायचं आहे."

त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. मी थांबू शकते. मला थांबायची सवय आहे.

त्या नटाबद्दल मी आता नव्याने लिहिते आहे, बरोबर क्रमाने. तो प्रसंग सरळ क्रमात पाहिला तर त्यात कसलीही भविष्यवाणी नाही, कसला चमत्कार नाही, आणि म्हणूनच तो मी समजले होते त्याहून मोठा आहे. मी त्याच्या साधेपणावर माझी हुशारी चढवली होती. चोरी झाली ती त्या हुशारीची. नट तसाच राहिला, कोणाच्या हाती न लागलेला.

जाऊबाई आता दुपारी माझ्याकडे येतात आणि आम्ही दोघी त्याचे सिनेमे पाहतो. मी मधेमधे थांबवून मराठीत सांगते. काल तोच सिनेमा लावला. या वेळी त्या जाग्या होत्या. दोन कप आले तशा त्या पुढे सरकल्या.

"दुसरा कप काऊन पेते वं तो?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"फेकवत नसन त्याले," त्या म्हणाल्या. "भावासाठी ओतला होता ना."

मी हे लिहून ठेवणार आहे, आणि त्यापुढे हे त्यांनी म्हटलं असं लिहिणार आहे.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. चहाची वेळ टळली होती. जाऊबाईंनी पडद्यावरून नजर न काढता ओरडून सांगितलं, "आधण ठेवलं आहे जी, घ्या हातानं गाळून!" पलीकडे भांड्यांचा आवाज झाला, काहीतरी सांडलं, आणि पुन्हा हाक आली. या वेळी ती मला होती, सरळ माझं नाव घेऊन.

मी सिनेमाचा आवाज वाढवला.